अपाची ट्रेल : धरणाच्या रस्त्याने कड्यातल्या घरांकडे

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात अपाची जंक्शनपासून रूझवेल्ट धरणापर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरचा हा रस्ता धरणाचे सामान वाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदला गेला. मजुरांत अपाची लोकही होते. धरण १९११ मध्ये पुरे झाले. फिश क्रीकचा उतार कच्चा, अरुंद, बाजूला खोल दरी. चालकाने निवडुंग बघायचे ते गाडी थांबवूनच! २०१९ च्या वणव्यानंतर पुराने या भागाची वाताहत केली आणि तो अनेक वर्षे बंद राहिला. निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी कराच. नाहीतर ग्लोब गावावरून डांबरी रस्ता आहे.

धरणाजवळ टोंटो राष्ट्रीय स्मारक (१९०७). येथील कपारींत सलाडो लोकांनी तेराव्या-चौदाव्या शतकात दगड-मातीची घरे बांधली. खालच्या वस्तीत सुमारे २० खोल्या, वरच्या वस्तीत ४०. छपरासारख्या झुकलेल्या कातळामुळे भिंती पावसापासून वाचल्या. तांबड्या-काळ्या-पांढऱ्या नक्षीची मडकी आणि सुती विणकाम ही या लोकांची खरी ओळख. मका, घेवडा, भोपळा आणि कापूस ते नदीकाठी कालव्याच्या पाण्यावर पिकवत. ती जमीन आज धरणाच्या जलाशयाखाली आहे, आणि घरांसमोर उभे राहिले की दिसतो तो हाच जलाशय.

खालच्या वस्तीपर्यंत पक्की पायवाट, चढ शंभरेक मीटरचा. वरची वस्ती फक्त हिवाळी हंगामात, तीही मार्गदर्शकासोबत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळीच चढा, पाणी भरपूर घ्या.