एकोणपन्नास तुकड्यांची बाग

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिरवळीवर लाल निशाण दिसलं की त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. पाऊस झाला, माती भिजली की निशाण लागतं. ग्रेट लॉन हे सगळ्यात प्रसिद्ध मैदान तर नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंदच असतं. गवताला विश्रांती हवी म्हणून भर शहरातली एवढी मोठी जागा वर्षातले पाच महिने बंद ठेवायची आणि लोकांनी ते ऐकायचं, असं 1975 साली कुणी म्हटलं असतं तर न्यू यॉर्ककरांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षी शहराच्या तिजोरीत खडखडाट होता. पैसे वाचवायचे तर पहिली कात्री बागांना, हा नियम जगभर सारखाच. माळी निवृत्त झाला की त्याची जागा रिकामीच राहायची. शीप मेडोवर 1934 पर्यंत खरोखरच मेंढ्या चरत होत्या, आता तिथे उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. दगडी कोरीवकामावर स्प्रेचे फराटे, बाकं मोडलेली, दिवे फुटलेले. अंधार पडल्यावर बागेत जाणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं, अशी तिची ख्याती झाली होती.

खरं तर ही बाग कधीच आपोआप टिकणारी नव्हती. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्या आराखड्याने 1858 मध्ये स्पर्धा जिंकली. त्याआधीच्या वर्षी त्याच जागेवरची सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची, चर्च आणि शाळा असलेली वस्ती उठवण्यात आली होती. सुमारे सव्वादोनशे माणसं तिथे राहत होती. मग 843 एकरांवर तळी खोदली गेली, सुपीक माती बाहेरून गाड्या भरभरून आणली गेली. काही झऱ्यांचं पाणी तर चक्क नळाचं आहे. बघणाऱ्याला रानात आल्यासारखं वाटावं म्हणून रचलेला हा सगळा देखावा. त्याची रोजची मशागत थांबली की तो पाच-दहा वर्षांत उघडा पडतो. ओल्मस्टेडला हे पक्कं ठाऊक होतं. बागेतल्या नोकऱ्या वशिल्याने वाटणाऱ्या पुढाऱ्यांशी तो वर्षानुवर्षं भांडला आणि 1878 मध्ये त्यालाच घरी पाठवण्यात आलं.

शंभर वर्षांनी हे भांडण एलिझाबेथ बार्लो यांनी पुढे नेलं. मूळच्या टेक्सासच्या, शिक्षण नगररचनेचं, ओल्मस्टेडवर पुस्तक लिहिलेलं. महापौर एड कॉच यांचे उद्यान आयुक्त गॉर्डन डेव्हिस यांनी 1979 मध्ये त्यांना सेंट्रल पार्कचं प्रशासक नेमलं. एका बागेला एकच जबाबदार अधिकारी, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढच्या वर्षी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही खासगी, ना-नफा संस्था उभी राहिली. जमीन शहराची, पैसा बराचसा देणगीदारांचा, आणि बार्लो दोन्हींकडच्या. या दुहेरी टोपीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण नुसत्या सरकारी टोपीने काय झालं होतं, तेही सगळ्यांसमोर होतं.

त्यांच्या कामाची पद्धत मला विशेष वाटते. देणगीदार मिळाला म्हणून त्याच्या आवडीचं कारंजं उठवायचं, असं त्यांनी केलं नाही. आधी सगळ्या बागेची पाहणी केली: कुठे पाणी तुंबतं, कुठली झाडं मरायला टेकली आहेत, लोक फरसबंद वाट सोडून कुठून चालतात. त्यातून 1985 मध्ये संपूर्ण बागेचा दुरुस्ती आराखडा तयार झाला. देणगी मागायची ती त्या आराखड्यातल्या एखाद्या कामासाठीच. ईशान्य कोपऱ्यातली कॉन्झर्व्हेटरी गार्डन ही उजाड झालेली फुलबाग लिंडन मिलर यांच्याकडे सोपवली गेली. त्या मूळच्या चित्रकार. वाफ्यांमध्ये रंगांच्या थरांनी त्यांनी काय केलं ते पाहायला लोक पुन्हा त्या कोपऱ्यात यायला लागले. दरवर्षी मे महिन्यात तिथे श्रीमंत बायका भल्यामोठ्या हॅट घालून देणगीचं जेवण करतात. वर्तमानपत्रं हॅटचे फोटो छापतात, बागेला पैसे मिळतात, कुणाचीच तक्रार नसते.

ग्रेट लॉनची कथा जरा विचित्र आहे. 1981 च्या सप्टेंबरमध्ये सायमन आणि गार्फंकल यांची मैफल तिथे झाली, ती बागेच्या मदतीसाठीच. पाचेक लाख लोक आले. बागेसाठी पैसे जमले आणि बागेचीच माती तुडवली गेली. माती अशी दाबली गेली की तिच्यातली हवेची पोकळी संपते, पाणी मुरत नाही, मुळं वरच्यावर राहतात. वरून कितीही बी पेरा, पहिल्या उन्हात करपतं. नव्वदीच्या दशकात शेवटी मैदान उखडलं, निचऱ्याचे नळ टाकले, माती बदलली, पाणी देण्याची व्यवस्था केली. लाल निशाण त्यानंतरचं.

पण दुरुस्ती एकदा होते, मोडतोड रोज होते. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बागेत टोळ्यांनी काम चालायचं. गवत कापणारी टोळी गाडीतून यायची, कापून जायची. छाटणीची टोळी वेगळी, कचऱ्याची वेगळी. बाकाखाली बाटल्या पडल्या असतील तर गवतवाल्याने त्या का उचलाव्यात? आणि वाफा वाळला तर जाब कुणाला विचारायचा? कॉन्झर्व्हन्सीच्या डग ब्लॉन्स्की यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये ही रीत मोडली गेली. बागेचे 49 तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा एका माळ्याच्या स्वाधीन केला. सरासरी काढली तर माणशी सतरा एकर.

त्या सतरा एकरांत जे काही आहे ते त्याचं. गवत, झुडपं, कचरा, बाकं, मुलांच्या खेळण्याची वाळू. रात्रीचा कचरा सकाळी नऊच्या आत उचललेला हवा, भिंतीवर कुणी खरडलं तर चोवीस तासांत पुसलेलं हवं. मोठ्या झाडांसाठी, दगडकामासाठी, पुतळ्यांसाठी तरबेज पथकं आहेत, पण त्यांना हाक मारायची ती माळ्याने. अनेक तुकड्यांवर एक मुकादम. स्वयंसेवक येतात तेही याच माळ्याच्या हाताखाली. रोज तिथे धावायला येणारे, कुत्रं फिरवणारे त्याला ओळखतात आणि नळ गळत असेल तर कार्यालयात पत्र न लिहिता त्यालाच सांगतात.

हे किती उपयोगी पडतं ते मॉलवर दिसतं. मॉल म्हणजे अमेरिकन एल्मच्या चार रांगांमधला लांबलचक रस्ता. या झाडांना एक बुरशी मारते. ती सालीतल्या भुंग्याबरोबर येते आणि शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत जुळलेली असली तर तिथूनही पसरते. पहिली खूण अगदी किरकोळ: भर उन्हाळ्यात हिरव्यागार शेंड्यात एकच फांदी पिवळी पडून मान टाकते. ती वेळेत दिसली आणि कापली तर झाड वाचण्याची आशा असते. पंधरवड्यातून एकदा फिरकणाऱ्या टोळीला ती दिसणार नाही. रोज त्याच झाडांखाली झाडू मारणाऱ्याला दिसते. अमेरिकेतल्या कित्येक शहरांतले एल्म नाहीसे झाले असताना इथल्या रांगा उभ्या आहेत, त्यात या नजरेचा वाटा मोठा आहे.

नेतृत्वाचा कस मात्र नाही म्हणताना लागतो. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंतांनी वाटांवर भगव्या कापडाच्या हजारो कमानी उभारायची परवानगी मागितली होती. 1981 मध्ये गॉर्डन डेव्हिस यांनी शंभराहून अधिक पानांचा अहवाल लिहून ती नाकारली. नकारासाठी एवढी पानं खर्चणारा अधिकारी मला तरी आदरणीय वाटतो. पुढे परवानगी मिळाली आणि 2005 च्या फेब्रुवारीत 7,503 कमानी सोळा दिवस उभ्या राहिल्या, तेव्हा जमिनीत एकही खड्डा खणलेला नव्हता. खांब नुसत्या पोलादी बैठकींवर उभे केले होते.

त्याच्या आदल्या वर्षीचा नकार मात्र तितका सरळ नव्हता. रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन शहरात भरणार असताना युद्धविरोधी निदर्शकांना ग्रेट लॉनवर सभा घ्यायची होती. शहराने गवताचं नुकसान होईल म्हणून नकार दिला. त्याच गवतावर ऑपेराच्या आणि फिलहार्मोनिकच्या मैफली होत होत्या. गवत खरंच नाजूक होतं, आणि गवताची ढाल सोयीचीही होती.

मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या पालिकेच्या धोरणावरून 2016 मध्ये रान उठलं आणि राज्य सरकारला स्थगिती द्यावी लागली, ते आठवतं. तेव्हा मैदान कुणाच्या ताब्यात जाणार, फाटकाला कुलूप कोण लावणार यावर हिरिरीने चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मैदानावर रोज राबणारा माणूस कोण असेल, त्याला किती काळ ठेवतील, त्याला काय शिकवतील, हे मात्र मी तरी त्या वादात कुठे ऐकलं नाही.

कॉन्झर्व्हन्सीकडे पैसा येत राहिला. 1986 पासून बाकं दत्तक मिळतात, पाठीवर धातूची पट्टी, पट्टीवर कुणाच्या तरी आई-वडिलांचं नाव. 2012 मध्ये जॉन पॉलसन या गुंतवणूकदाराने दहा कोटी डॉलर दिले. तेव्हा मध्यमवर्गीय आणि गरीब वस्त्यांतल्या बागांचा प्रश्न पुढे आला. श्रीमंत बागांच्या अंदाजपत्रकातला पाचवा हिस्सा गरीब बागांना द्यावा, असं विधेयक डॅनियल स्क्वाड्रन या राज्य सिनेटरने मांडलं. ते काही मंजूर झालं नाही. 2015 मध्ये मोठ्या संस्थांनी आपणहून मदत कबूल केली, ती बरीचशी मनुष्यबळाच्या रूपात. सेंट्रल पार्कची माणसं शहराच्या ब्रॉन्क्ससारख्या इतर विभागांतल्या बागांत जाऊन हिरवळ कशी राखायची, माती कशी सैल करायची हे तिथल्या कामगारांना शिकवतात. शिकणारे शिकतातही. पण 49 माळ्यांचे पगार ज्या फिफ्थ अॅव्हेन्यूच्या शेजारातून येतात, तसा शेजार ब्रॉन्क्समधल्या बागेला नाही, आणि शिक्षण संपलं की तिथला कामगार पुन्हा गाडीत बसून पुढच्या बागेकडे जातो.