वेदनेच्या प्रयोगशाळेतले शिकाऊ हात

मुळशीतल्या कुठल्याही घरात हिरव्या मिरचीचा ठेचा रगडला की बोटांची आग होते. कातडी भाजलेली नसते, तरी भाजल्यासारखं का वाटतं? याचं उत्तर 1997 मध्ये मिळालं, तेही एका शिकाऊ संशोधकाच्या चिकाटीमुळे.

मायकेल कॅटरिना तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक होते, म्हणजे डॉक्टरेटनंतर ज्येष्ठांच्या हाताखाली काम शिकत होते. चेतापेशींमधले जनुकांचे असंख्य तुकडे ते मिरचीची दखलही न घेणाऱ्या पेशींमध्ये घालत. मग त्यांवर मिरचीतलं कॅप्सेसिन सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठली पेशी उजळते ते पाहत बसायचं. गट लहान-लहान करत अखेर एक जनुक हाती लागलं. त्यापासून बनणारं प्रथिन सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागं होतं. तिखट आणि चटका, दोन्हींची वर्दी एकाच दारातून मेंदूकडे जाते!

या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. कॅटरिना यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारली. नागीण बरी झाल्यावरही मागे राहणाऱ्या दुखण्यावर परदेशात याच कॅप्सेसिनची 8 टक्क्यांची पट्टी लावतात.

मुंबईत जन्मलेल्या रोहिणी कुनर जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठात वेदनेचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालवतात. 2024 चा मानाचा लायब्निझ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या प्रयोगशाळेतून 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधावर पहिलं नाव विजयन गंगाधरन यांचं आहे. या गटाने उंदरांच्या पायाची इजा झालेली नस कित्येक महिने न्याहाळली. स्पर्शाचे तंतू परतलेच नाहीत. वेदनेचे तंतू मात्र पसरले आणि हलका स्पर्श टिपणाऱ्या कणिकांमध्ये शिरले. त्यामुळे नुसता हात लागला तरी कळ उठू लागली.

नसेला इजा झालेल्या माणसालाही कधीकधी कपड्याचा स्पर्श सोसवत नाही. घरचे म्हणतात, ‘जखम तर भरली, आता कसलं दुखतंय?’ दुखणाऱ्याला खोटं ठरवलं जातं.

मुळशीतच लवळ्याला 2020 पासून सिम्बायोसिसचं मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या मुलींपुढेही असे रुग्ण येतील. कुठे, किती हलका हात लागला की दुखतं, हे त्यांनी आवर्जून विचारावं आणि केसपेपरवर टिपून ठेवावं.