विद्यापीठाची पुस्तके आणि खानदेशचा वाचक

विद्यापीठ म्हटले की इमारती, परीक्षा आणि पदवीदान समारंभ एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु विद्यापीठाच्या कार्याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास त्याच्या पदवीधरांनी व अध्यापकांनी समाजाच्या हाती कोणती पुस्तके दिली, हेही पाहावे लागते. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले व 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, पुस्तकरूपाने आली. म्हणजे ज्ञान या मातीत होतेच. ते कागदावर उतरविण्याचे काम तेवढे शिकलेल्या माणसांकडे होते.

हे काम खानदेशात पूर्वी झालेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. जुनी दप्तरे धुंडाळीत ते गावोगाव हिंडले आणि 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. 1926 च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले व पुढील वर्षी तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अलीकडे यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि 2010 च्या ‘हिंदू’ कादंबरीत खानदेशचे खेडे मराठी वाचकासमोर ठेवले.

आज आम्हा प्राध्यापकांच्या पुस्तकांचा दुष्काळ आहे असे मुळीच नाही. प्रश्न निराळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने पुस्तकांना गुण ठरवून दिले: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकास 50, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकास 25 आणि स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकास 15. 2018 च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय पुस्तकास 12 व राष्ट्रीय पुस्तकास 10 गुण आले. स्थानिक प्रकाशकाचा रकाना उरलाच नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की ज्या गोष्टीस मोबदला मिळतो तिचे उत्पादन वाढते. येथे मोबदला प्रकाशकाच्या दर्जास आहे. पुस्तक कोणी वाचले, कोणाच्या उपयोगी पडले, यास नाही.

हे मी दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझेही एक पुस्तक आहे. प्रबंधाची प्रकरणे जोडून, प्रकाशकास पदरचे पैसे मोजून ते मी काढले. त्याच्या बऱ्याचशा प्रती माझ्याच घरी माळ्यावर आहेत आणि उरलेल्या मी भेट दिल्या. गुण मात्र मिळाले.

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, आपल्या मिरचीवर पुस्तक आहे का?” तिची आई हंगामात मिरचीचे देठ खुडावयास जाते. दोंडाईचा आणि नंदुरबार ही मिरचीची नावाजलेली बाजारपेठ. ओली मिरची वाळून पोत्यात जाईपर्यंत तिचे वजन किती घटते, ती घट कोणाच्या अंगावर पडते, अडत व हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरते, देठ खुडणाऱ्या बाईची मजुरी कशी ठरते, हे सारे अर्थशास्त्रच आहे. तरीही तिच्या हाती देता येईल असे एकही मराठी पुस्तक मला आमच्या ग्रंथालयात सापडले नाही. मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत ती परक्या उदाहरणांवरून पाठ करते आणि घरी जाऊन तोच सिद्धांत जगते.

असे पुस्तक लिहिणे अशक्य आहे काय? पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची पाहणी करून 1917 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि कुटुंबाचा जमाखर्च यांचा त्यांनी घरोघर शोध घेतला. शंभर वर्षे उलटली तरी ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकास त्या पुस्तकाकडे वळावे लागते. एक गाव नीट पाहिले तर ते जगाच्याही उपयोगी पडते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. विद्यापीठाने दरवर्षी मोजकेच प्रबंध निवडावेत, सामान्य वाचकासाठी ते शे-दीडशे पृष्ठांत नव्याने लिहवून घ्यावेत आणि जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांत पोहोचवावेत. लेखन केवळ प्राध्यापकांनीच करावे असेही नाही. बाजार समितीतील कारकून, बँकेतील कर्मचारी, प्राथमिक शिक्षक हेही याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत आणि बाजाराची माहिती आमच्यापेक्षा त्यांना अधिक आहे. त्यांचे अनुभव आणि आमची अभ्यासपद्धती यांची सांगड घातली, तर वाचले जाईल असे पुस्तक निश्चित होईल.

ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप देऊ शकलेलो नाही. येत्या हंगामात वही घेऊन पथारीवर जाण्याचे मात्र मी ठरविले आहे. त्या पुस्तकास किती गुण मिळतील, याची चौकशी न करता.