परळची होळी आणि लग्नातले रेशीम

३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांची पहिली पुण्यतिथी होती. अंगावरचे कापड कोठून आले, हा प्रश्न त्या ज्वाळांनी मुंबईतील घरांना आणि पेढ्यांना विचारला.

शेजारच्या लोअर परळमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. जुने धुराडे मात्र अजून उभे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पुढे अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. जेथे कापड विणले जाई, तेथे आता तयार कपडे विकले जातात. लग्नसराईत आपल्या समाजातील कुटुंबेही तेथे जातात. नाव पाहिले जाते, किंमत पाहिली जाते. कापड कसे तयार झाले, हे क्वचितच विचारले जाते.

जैन श्रावकाला हा प्रश्न विसरून चालणार नाही. आपल्या दोन आम्नायांची नावेच वस्त्रावरून पडली आहेत. दिशा हेच ज्यांचे वस्त्र ते दिगंबर. शुभ्र वस्त्र धारण करणारे ते श्वेतांबर. अहिंसाणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा वर्ज्य आहे आणि कृत, कारित व अनुमोदित असा तिन्ही प्रकारे तिचा दोष लागतो. तरीही लग्नाचा शालू आणि पुष्कळ घरांत पूजेचे वस्त्रही रेशमाचेच असते.

पतंग कोष भेदून बाहेर पडला, की त्याचा अखंड धागा तुटतो. म्हणून आतल्या जिवासह कोषाला उष्णता देतात. एक किलो कच्च्या रेशमासाठी सुमारे पाच हजार कोष लागतात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मागे उरलेल्या कोषांचे सूत कातण्याची रीत पुढे आणली. हेच ‘अहिंसा सिल्क’. त्याची चमक थोडी कमी आणि किंमत अधिक असते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या पतंगाला उडताही येत नाही. त्याच्या बंधनाचा प्रश्न उरतोच. त्या मानाने सुती वस्त्राचा मार्ग अधिक सरळ आहे.

बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या आचार्य विद्यासागर महाराजांनी स्वतः वस्त्राचा त्याग केला होता. पण श्रावकांनी अहिंसक वस्त्र वापरावे, यासाठी त्यांनी हातमागाला प्रेरणा दिली. त्या प्रेरणेतून सागरच्या कारागृहातील बंदिवानांच्या हातीही माग आला.

मग येवल्याच्या पैठणी विणकराचे काय, ही शंका रास्त आहे. परंतु त्याची कला त्याच्या हातात आहे आणि ती सुतावरही उतरते. तशी मागणी त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे कापडाच्या व्यापाऱ्याचे काम आहे, आणि या व्यापारात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आजीची पैठणी टाकून देण्याचे कारण नाही. ती जपून नेसावी. नवी खरेदी मात्र विचारून करावी. घरातील पुढच्या लग्नात निदान पूजेचे वस्त्र सुती असावे, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल.