फिंच पुन्हा पाळताय? शेड बांधण्याआधी फुप्फुसांचा विचार करा

दर रविवारी सकाळी पक्ष्यांची शेड झाडायची आणि संध्याकाळी अंगात कणकण यायची. रात्री थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. मंगळवारपर्यंत सगळे ठीक. साठी ओलांडलेल्या एका निवृत्त गृहस्थांचे असे दोन महिने चालले होते. मलेरियाची तपासणी झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. ताप आपोआप उतरत असल्यामुळे प्रत्येक वेळी औषधाचाच गुण आला असे वाटत राहिले. तरुणपणी त्यांनी फिंच पाळले होते. निवृत्तीनंतर बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी शेड बांधली, वीस जोड्या आणल्या. ताप त्यानंतर सुरू झाला, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

फिंच हा छोटा, शांत, देखणा पक्षी. जुना छंद पुन्हा सुरू करण्यात मनाला मोठा विरंगुळा आहे आणि तो सोडा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पण वीस वर्षांपूर्वीची तुमची फुप्फुसे आणि आजची फुप्फुसे यांत फरक आहे. तेव्हा शेड बांधण्याआधीच काही गोष्टी समजून घ्या.

हा आजार नेमका काय आहे?

पक्ष्यांच्या पिसांवरचा बारीक भुगा, वाळलेली शीट आणि लाळ यांत प्रथिने असतात. ही धूळ इतकी सूक्ष्म असते की ती नाकात न अडकता थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचते. काही जणांची प्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते आणि फुप्फुसाला सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही, म्हणून अँटिबायोटिकने बरा होत नाही. तो एकाकडून दुसऱ्यालाही होत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे असे समजू नका. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील नोंदणी अभ्यासात फुप्फुसांच्या अंतरालीय आजाराच्या 1,084 रुग्णांपैकी सुमारे 47 टक्के रुग्णांना हाच प्रकार होता. एअर कूलरमधील बुरशी आणि पक्षी ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती.

कबुतर, कॉकेटिल, कॉकाटू यांच्या अंगावर पावडरीसारखा भुगा खूप असतो. फिंचच्या अंगावर तो फार कमी. म्हणून एक-दोन जोड्या हवेशीर गॅलरीत असतील तर धोका कमी असतो. पण बंद शेडमध्ये चाळीस-पन्नास पक्षी, खाली साचलेली शीट आणि वर दाण्यांची फोलपटे असतील, तर हिशोब बदलतो.

जुन्या पक्षीपालकांना वेगळा इशारा का?

प्रतिकारशक्तीला स्मरण असते. पूर्वी पक्षी असताना तुमचे शरीर त्या प्रथिनांना एकदा संवेदनशील झाले असेल, तर मध्ये दहा-वीस वर्षे गेली तरी पुन्हा संपर्क आल्यावर त्रास उद्भवू शकतो. स्वतःला हे प्रश्न विचारा:

- पक्षी असतानाच्या काळात बरेच दिवस खोकला होता का?
- गावाला गेल्यावर तो कमी व्हायचा का?
- पक्षी दिल्यानंतर तो आपोआप थांबला का?

यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर पक्षी आणण्याआधी छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि स्पायरोमेट्री करून घ्या. हा आजार पूर्वी निदान झालेला असेल, तर पक्षी पुन्हा पाळू नका. येथे मास्क लावून भागत नाही.

लक्षणे कशी ओळखाल?

तीव्र प्रकारात संपर्कानंतर साधारण 4 ते 8 तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप लागते. एक-दोन दिवसांत बरे वाटते. पुन्हा शेडमध्ये गेलात की पुन्हा तेच.

जुनाट प्रकार जास्त फसवा. रोज थोडी थोडी धूळ जात राहते. ताप येत नाही, फक्त खोकला टिकतो, चालताना दम लागतो, वजन घटते. ‘वय झाले’ म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तोपर्यंत फुप्फुसात व्रण तयार होतात. हे व्रण पुन्हा भरून येत नाहीत.

निदानासाठी छातीचा एचआरसीटी स्कॅन, डीएलसीओसह फुप्फुसांच्या कार्याच्या चाचण्या आणि काही वेळा ब्रॉन्कोस्कोपी लागते. साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. उपचारात पहिली गोष्ट म्हणजे संपर्क तोडणे. गरज पडल्यास डॉक्टर स्टिरॉइड देतात. पण पक्षी तसेच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या, तर आजार आत चालूच राहतो.

शेड बांधताना

जागा: शेड घराच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला लागून नको. वारा शेडकडून घरात येईल अशी जागा टाळा.

हवा: पूर्वेकडची बाजू जाळीची ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन आत येईल. पश्चिम आणि दक्षिण बाजू भिंतीने बंद केली की पावसाची झड आत येत नाही. समोरासमोर वर झरोके ठेवा. शेडमध्ये कूलर लावू नका.

जाळी: अर्ध्या इंचाची घ्या. मोठे उंदीर आणि मोठे साप बाहेर राहतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा.

जमीन: मातीची नको. सिमेंटचा कोबा, किंचित उतार आणि पाणी जायला वाट. धुता येते तीच जमीन सुरक्षित.

छत: परसात पडलेले जुने सिमेंटचे पत्रे वापरण्याचा मोह होतो. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कापताना, भोके पाडताना उडणारे तंतू फुप्फुसांसाठी घातक असतात. असे पत्रे कापू नका, फोडू नका. जुनी कोंबड्यांची किंवा कबुतरांची खुराडी वापरणार असाल, तर साचलेली वाळकी शीट आधी पूर्ण भिजवा आणि मगच काढा. तिच्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात.

तारा आणि खिळ्यांचे काम सुरू करण्याआधी धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली आहे ना, ते पाहा.

रोजची काळजी

कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, मग ओले पुसा किंवा खरवडा. साफसफाई करताना एन-95 मास्क घट्ट बसवा. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही.

दाण्याच्या भांड्यातील फोलपटे तोंडाने फुंकून उडवायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती आजच सोडा, कारण सगळी धूळ तुमच्याच तोंडावर येते. भांडे बाहेर नेऊन हळूच चाळा. राळे, बाजरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ओल लागून कुबट वास आलेले दाणे टाकून द्या.

शेडसाठी वेगळे कपडे आणि चपला ठेवा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. दाण्या-पाण्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पक्ष्यांच्या शीटेतून साल्मोनेलाची लागण होऊ शकते आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ती जास्त त्रास देते. ब्लीच वापरताना त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नवे पक्षी किमान 30 दिवस वेगळे ठेवा. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर उघड्या हाताने उचलू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आणखी एक गोष्ट. झेब्रा फिंच, बंगाली फिंच हे पिंजऱ्यात वाढलेले पक्षी पाळता येतात. पण लाल मुनिया, ठिपकेदार मुनिया असे आपल्याकडचे रानपक्षी पकडणे किंवा पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. बाजारात कोणी देऊ केले तरी घेऊ नका.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसांचा इतर आजार असलेले, केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे. गर्भवतींनी शेडची साफसफाई दुसऱ्याकडे सोपवावी.

खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, धाप वाढत गेली किंवा ताप पुन्हा पुन्हा ठरावीक दिवशी येऊ लागला, तर तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा: ‘माझ्याकडे पक्षी आहेत.’ कॅलेंडरवर शेड साफ केल्याच्या आणि ताप आल्याच्या तारखा लिहून नेल्यात, तर त्या अनेक चाचण्यांपेक्षा लवकर वाट दाखवतात.

सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांचे निदान अशाच तारखांवरून झाले. त्यांनी पक्षी एका मित्राकडे दिले. व्रण पडण्याआधी आजार कळल्यामुळे तीन महिन्यांत त्यांची धाप गेली. शेडमध्ये आता कुंड्या आहेत. मित्राकडचे फिंच पाहायला ते अधूनमधून जातात, पण अंगणात, जाळीपासून दूर बसून.