हडकलेल्या सशाला खुराक नको, गवत हवे

तालमींच्या या गावात कुणी हडकलेले दिसले की पहिला शब्द येतो तो खुराक. म्हशीचे दूध, तूप, बदाम, केळी. पैलवानांपुरते ते ठीक आहे. पण घरात पाळलेल्या सशाचा कणा हाताला लागायला लागला, की त्याच्यापुढेही हेच ठेवले जाते: दुधात कुस्करलेली चपाती, बिस्किटे, केळ्याचे काप, शेंगदाणे. मग त्याचे पोट बिघडते, तो खायचा थांबतो आणि उरलेसुरले वजनही झडते. ससा जितका नाजूक पोटाचा, तितका हा खुराक घातक.

याचे कारण त्याच्या आतड्यांच्या रचनेत आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सशाला एक भलीमोठी पिशवी असते, तिला आंधळे आतडे म्हणतात. माणसात ती नावापुरती उरली आहे, सशात मात्र ती जठराहून कितीतरी मोठी असते आणि तिथे अब्जावधी जिवाणू नांदतात. चघळलेल्या गवतातला जाडाभरडा चोथा कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बारीक कण या पिशवीत परत ढकलले जातात आणि जिवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांतून सशाला ऊर्जा मिळते. शिवाय दिवसातून एक-दोनदा तो द्राक्षाच्या छोट्या घडासारखी मऊ, चकचकीत विष्ठा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. पाहणाऱ्याला किळस येते, पण त्यात प्रथिने आणि ‘ब’ जीवनसत्त्वे असतात. ती त्याला खाऊ द्यावी.

हा मऊ घड खाली पडून पिंजऱ्यात चिकटलेला दिसला, की घरचे त्याला जुलाब समजतात. बहुतेक वेळा ते जुलाब नसतात. पिष्ट किंवा गोड जास्त झाल्याने घड पातळ झालेला असतो, किंवा दात अथवा पाठ दुखत असल्याने सशाला तो उचलता येत नाही. खरे जुलाब पाण्यासारखे असतात. ते, विशेषतः पिल्लांना, काही तासांत संपवू शकतात. तेव्हा वाट पाहू नये. पिष्ट न पचता आंधळ्या आतड्यात पोचले, की तिथे क्लॉस्ट्रिडियम गटातले घातक जिवाणू बळावून विष तयार करतात. बिस्किट आणि चपाती इथे नडते. दह्याने पोट सुधारेल असेही अनेकांना वाटते. पण मोठ्या सशाच्या आतड्यात दह्यातल्या जिवाणूंना फारशी जागा नसते. वासराचे नियम इथे लागू नाहीत.

वजन वाढवण्याआधी ते का घटले हे पाहावे लागते आणि पहिला संशय दातांवर घ्यावा. सशाचे सगळे, म्हणजे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात, ती जिभेत आणि गालात रुततात. असा ससा भुकेने चाऱ्याशी येतो, काडी तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली असते. पुढचे दात नीट दिसले म्हणून दाढा नीट असतील असे नाही, त्या पशुवैद्यकाने उपकरणाने पाहायला हव्यात. बाजारातल्या गर्दीच्या पिंजऱ्यातून आणलेल्या पिल्लांत आयमेरिया हा परजीवी नेहमी सापडतो. त्यासाठी लेंड्यांची तपासणी करून घ्यावी. दोन ससे एकत्र असतील तर दांडगा दुबळ्याला खाऊ देत नाही, इतके साधे कारणही असू शकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर निरोगी ससाही कमी खातो.

आता चाऱ्याचे. दुकानात परदेशी गवताची पाकिटे मिळतात, पण ती महाग पडतात आणि त्यांच्यावाचून अडतही नाही. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या डोंगरउतारांवर दिवाळीच्या सुमारास कापून वाळवलेले गवत हिरवट, सुवासिक आणि बुरशीविना असेल तर उत्तम. ते दिवसरात्र, हवे तितके पुढे असावे. हरळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा, ससे आवडीने खातात. फक्त फवारणी झालेल्या बांधावरची नको. भाताचे पिंजर खाली अंथरायला चांगले, पोसायला निकस. उसाचे वाडे या जिल्ह्यात सगळीकडे फुकटात मिळते, पण त्यात ऑक्झॅलेट भरपूर असते. सशासाठी त्याचा मोह टाळावा.

वजनासाठी खरे उपयोगी आहे ते लसूणघास. नावात लसूण असली तरी लसणाशी त्याचा संबंध नाही. कांदा-लसूण सशाला विषारीच. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही जास्त, म्हणून वाढत्या पिल्लांना ते चालते. धडधाकट मोठ्या सशाला ते रोज घातले तर लघवीत कॅल्शियमचा गाळ साचतो. हडकलेल्या सशाला मात्र वाळवलेले लसूणघास रोज मूठभर, गवताच्या जोडीला, वजन भरेपर्यंत द्यावे. लेंड्या कोरड्या आणि टपोऱ्या राहिल्या तर आठ-दहा दिवसांनी चहाचा एक चमचा साधे ओट्स. एका वेळी एकच नवा पदार्थ, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले ते कळते. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो. कोबी-फ्लॉवरने नाजूक पोटात वायू धरतो. गाजर चित्रात शोभते, प्रत्यक्षात ते गोड खाऊ आहे.

पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. साठवलेल्या गवताला कुबट वास आला की ते फेकायचे, उन्हात घालून परत वापरायचे नाही. आणि जूनचे कोवळे लुसलुशीत गवत एकदम भाराभर न घालता चिमूट-चिमूट वाढवायचे.

वजन नजरेने ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी मोजा आणि लिहून ठेवा. दोन किलोच्या सशाचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे. वाढ सावकाश होते, महिना-दोन महिने धीर धरावा लागतो.

घरातले उरलेले प्रतिजैविक सशाला कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे तोंडाने गेली तर आतड्यातली वसाहत उद्ध्वस्त होऊन ससा दगावू शकतो. दहा-बारा तास खाणे नाही, लेंडी नाही, असे झाले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे; सशाला उलटी होत नाही आणि उपाशी सशाच्या यकृतात चरबी साचायला लागते. सिरिंजने भरवणेही आधी आतड्यात अडथळा नाही ना, हे तपासल्यावरच. जाताना वजनाची वही, लेंड्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि रोजच्या चाऱ्याची पुरचुंडी सोबत घ्या. आणि फोन करून आधीच विचारा, ससे तपासता का. आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला असतो.