झीलकऱ्याचा सूर

श्रावणांत नागपंचमीनंतरच्या रविवारीं खानदेशांतील कित्येक घरांत कानबाईची स्थापना होते. रात्रभर जागरण चालतें आणि बायका अहिराणींत गाणीं म्हणतात. एकजण ओळ उचलते, शेजारच्या दोघीतिघी ती झेलतात, आणि पहिलीनें श्वास घेतला न घेतला तोंच गाणें पुढील ओळीवर जाऊन पोंचतें. यांत मुख्य कोण आणि साथीची कोण, हें ऐकणारास पुष्कळदां सांगतां येत नाहीं. अशा गायनांत गळ्यागळ्यांमध्यें जें नातें असतें, त्यास शाहिरांच्या परंपरेंत नेमकें नांव आहे. तें म्हणजे झील.

पोवाडा गाणारा शाहीर डफ घेऊन पुढें उभा राहतो आणि त्याच्या मागें तुणतुणें व झांज घेतलेले दोघे-तिघे झीलकरी असतात. शाहिरानें ओळ संपवितां संपवितां तिचें शेवटचें अक्षर झीलकरी उचलतात आणि ‘जी जी’ म्हणत तो सूर लांबवितात. वरवर पाहणारास ही केवळ पुस्ती वाटते. वस्तुतः त्या चार क्षणांत अनेक कामें होऊन जातात. शाहिरास श्वास घ्यावयास सवड मिळते व पुढील ओळ आठवितां येते, प्रसंगीं नवी जुळवितांही येते. तुणतुण्याची एकच तार ज्या षड्जावर लावलेली असते, त्या षड्जाशीं गाणें पुन्हां बांधलें जातें. शिवाय झीलकरी हा श्रोत्यांचा प्रतिनिधि असतो. शूराच्या पराक्रमास पहिली दाद तोच देतो आणि मग सभेस दाद देण्याचें धैर्य येतें.

पाश्चात्य देशांतही तीन गळ्यांनीं लोकगीतें गाणारीं मंडळें झालीं. १९६१ सालीं न्यूयॉर्क शहरीं पीटर यॅरो, पॉल स्टूकी व मेरी ट्रॅव्हर्स या तिघांनीं असें एक मंडळ काढलें. त्यांची पहिली मोठी तबकडी १९६२ सालीं निघाली व घरोघरीं पोंचली. त्यांच्या गायनाची रीत मात्र निराळी. तेथें तीन गळे एकाच वेळीं तीन निरनिराळे स्वर धरतात. उदाहरणार्थ एकाचा षड्ज, दुसऱ्याचा गांधार, तिसऱ्याचा पंचम. या स्वरांच्या कंपनसंख्यांचें प्रमाण चारास पांच, पांचास सहा असें साधें असल्यामुळें ते एकमेकांत मिसळून जातात. यास स्वरमेळ म्हणतात. झील हा स्वरमेळ नव्हे. झीलकरी बहुधा शाहिराचाच स्वर धरतो, क्वचित् वरचा षड्ज किंवा पंचम. परंतु झीलकऱ्याचा सूर संपण्यापूर्वींच शाहीर पुढची ओळ उचलतो, तेव्हां क्षणभर दोन स्वर एकावर एक पडतात आणि अंगावर कांटा उभा राहतो. पाश्चात्य त्रयीचें सौंदर्य स्वरांच्या एकाच वेळच्या मांडणींत आहे. झीलीचें सौंदर्य एकानें सोडलेलें दुसऱ्यानें झेलण्यांत आहे.

महाराष्ट्रांत तीन गळ्यांचें विख्यात उदाहरण म्हणजे १९४४ सालीं उभें राहिलेलें लाल बावटा कलापथक. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर हे तिघे त्याचे आधारस्तंभ होते. कोणत्याही नाटक कंपनीच्या वा तबकडी कंपनीच्या आश्रयाशिवाय हें पथक गिरणगांवांत व खेड्यापाड्यांत गात फिरलें. खानदेशाशींही त्याचा ऋणानुबंध होता. १९४६ सालीं अमळनेरास कामगारांवर जो गोळीबार झाला, त्यांत बळी पडलेल्यांवर अण्णा भाऊंनीं पोवाडा रचला. अमर शेखांचा आवाज पहाडी म्हणून गाजला. परंतु तिघांपैकीं एक पुढें आला म्हणजे इतरांनीं मागें राहून त्याची ओळ झेलावयाची, ही शिस्त ज्या कलेची, तींतच हें पथक वाढलें होतें.

आतां प्रश्न येतो तो ध्वनिमुद्रणाचा. हिंदुस्थानांत तबकड्यांचें पहिलें व्यापारी मुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास झालें. त्या काळीं गायकानें कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. जो कर्ण्याजवळ, त्याचा आवाज उमटे. मागच्याचा विरून जाई. १९२५ सालापासून विजेचा मायक्रोफोन आला आणि ही अडचण बरीच कमी झाली, तरी तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांचीच राहिली. तासभर चालणारा पोवाडा तेवढ्यांत बसवावयाचा म्हणजे कात्री कोठें लागणार? शब्द कापतां येत नाहींत, म्हणून पुनरुक्ति कापली जाते. आणि झील तर पुनरुक्तींतच राहते. पुढें कॅसेट आली व वेळेचें बंधन सैल झालें. पण तोंवर नव्या यंत्रविद्येनें दुसरीच वाट दाखविली होती. १९५१ सालीं अमेरिकेंत लेस पॉल व मेरी फोर्ड या दांपत्याचें एक ध्वनिमुद्रण गाजलें. त्यांत मेरी फोर्डनें स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून अनेक गायिकांचा भास उत्पन्न केला होता. साथीदार नसला तरी चालतें, हें त्या दिवशीं यंत्रानें सिद्ध केलें.

आज खानदेशांतील तरुण हीच युक्ति घरच्या घरीं वापरूं शकतात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणांत १९०७ सालीं ज्या खानदेशी बोलीचे नमुने छापले गेले, त्या अहिराणींतील ‘केसावर फुगे’ किंवा ‘झुमकावाली पोर’ यांसारखीं गाणीं गेल्या कांहीं वर्षांत जळगांव-धुळ्याबाहेर दूरवर वाजलीं. तीं कोणा बड्या कंपनीच्या दारीं न जातां, स्थानिक कलावंतांनींच मुद्रित करून यूट्यूबवर प्रसिद्ध केलीं. हें स्वातंत्र्य अभिमानास्पद आहे, यांत शंका नाहीं. मात्र संगणकावर प्रत्येक आवाज निरनिराळ्या वेळीं मुद्रित करून मागाहून जुळवितां येतो. एकाच गायकाचा आवाज तीनदां घेऊन झीलही उभी करतां येते. ती सुरांत चोख असते, परंतु शाहिराचा चेहरा पाहून ती कधींच अर्धा क्षण थांबत नाहीं. आणि जो झीलकरी बोलावला जात नाहीं, त्याचा मुलगाही ती विद्या शिकत नाहीं.

कागदाच्या बाबतींत या प्रांताचें भाग्य थोर आहे. धुळ्यास १९२७ सालीं स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळानें जुनीं दफ्तरें जपलीं. जळगांवजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. तरी त्यांच्या ओव्या घरच्या मंडळींनीं लिहून ठेवल्या व १९५२ सालीं त्यांचें पुस्तक झालें. पुढें यशवंत देवांच्या चालींत व उत्तरा केळकरांच्या गळ्यांतून त्या शहरांतील घरांतही पोंचल्या. शब्द टिकले, म्हणून त्यांस नव्या चाली मिळूं शकल्या. झीलीस ही सोय नाहीं. कागदावर ती ‘जी जी’ या दोन अक्षरांपुरतीच उरते. तिचें दफ्तर म्हणजे ध्वनिमुद्रणच. आणि तिला बाहेर ठेवण्याची सोय झाली आहे तीही ध्वनिमुद्रणांतच.

यावरील उपाय खर्चाचा नाहीं. गाणें कितीही निरनिराळ्या तुकड्यांत मुद्रित केलें, तरी एक वेळ सर्वांनीं एका मायक्रोफोनभोंवतीं उभें राहून तें अखंड गावें. शाहीर जवळ, झीलकरी हातभर मागें. ती प्रत प्रसिद्ध न केली तरी जपून ठेवावी. तिच्यावर शाहिराच्या नांवाखालीं झीलकऱ्यांचींही नांवें लिहावीं. उद्यां एखाद्या मुलास ही विद्या शिकावीशी वाटली, तर कोणाचें ऐकून शिकावयाचें, एवढें तरी त्यास कळेल.